पडलेला भाव

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी उदगीरचे एक अप्पा बसले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून. त्यांच्या पलीकडे सून, मांडीवर वही घेऊन.

“मंजुश्री, रविकिरणचा फोन आलता का?”

“हाव अप्पा, सकाळी. शेअर पडायलाय, समदे विकून टाका म्हणाले.”

“माझंच लेकरू, पण लई घाबरट. किती पडला?”

“परवा दोनशे होता, काल एकशे शहाण्णव.”

“म्हणजे दोन टक्के. काल किती शेअरचे सौदे झाले?”

“दहा हजार.”

“त्याचे दोन टक्के?”

“दोनशे.”

“भाव पडला, म्हणून वहीतल्या रोजच्या बेरजेच्या मागच्या आकड्यातून दोनशे वजा करायचे. चढला असता तर मिळवायचे. पण मागचा आकडा आणायचा कुठून? आठ दिवस झाले, मला वही दिसत न्हाई. एक दिवस हुकला की पुढचं समदं चुकतंय.”

“हुकला न्हाई. मी रोज लिहिलंय. परवा अठरा हजार चारशे होता.”

“तुला कोण शिकवलं?”

“तुमचीच वही बघून शिकले.”

अप्पांनी चाचपत वहीवर हात ठेवला.

“मग आता अठरा हजार दोनशे. गेल्या महिन्यात एका दिवसात भाव असाच दोन टक्के चढला, तवा आकडा कितीनं वाढला होता?”

“सहा हजारांनी.”

“बघ. चढताना लई सौदे झाले, पडताना थोडेच. म्हणजे घाबरून विकणारे थोडेच हायेत. मग विकायचं कशाला?”

“न्हाईच विकायचं.”

“रविकिरणला फोन लाव. सांग, अप्पा नको म्हणाले.”

“तसंच सांगितलंय अप्पा, सकाळीच.”