तीन दिवस जमिनीवर

संग्रहालयाच्या दारात तिकिटं तपासणाऱ्या बाईंचे कान जुन्या लढाऊ विमानापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

"हे आमचं. मी याचा मेकॅनिक."

"पाटीवर तुमचं नाव नाही कुठे."

"शत्रूला जमलं नाही ते मी केलं. याला तीन दिवस जमिनीवर बसवलं. एवढं तरी लिहायला हवं होतं."

"ते कसं?"

"हत्यारांच्या मोजणीत माझा एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला. आत राहिला असेल म्हणून अख्खं विमान खोललं. सापडला नाही तो नाहीच."

"पिवळ्या मुठीचा?"

"तुला काय माहीत?"

"तुमच्या खिशात होता. कपडे धुताना सापडला. कुकरचा दांडा अजून त्यानंच आवळते मी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच बजावलं होतं ना, माझं काम गुप्त आहे, घरात एक अक्षर काढायचं नाही."