मारोतीभाऊची शाल

आता तुमीच सांगा, याले काय म्हणावं? आमच्या सावली गावचा मारोतीभाऊ फौजेत होता, सुरुंगात त्याचा एक पाय गेला. नकली पायासाठी तहसील ऑफिसात अर्ज करून करून थकला बिचारा. ऑफिसवाले मात्र दर सव्वीस जानेवारीले त्याले बोलावतेत, शाल-नारळ देतेत, फोटो काढतेत.

यंदा मी संग होतो. भाऊच्या एका कुबडीले मागच्या सालची शाल गुंडाळली होती, काखेत रुतू नाई म्हणून.

स्टेजवर ते पाहून ऑफिसचा साहेब भडकला, "हा सत्काराचा अपमान आहे!"

भाऊ म्हणे, "साहेब, मी पाय मांगतला, तुमी शाल देल्ली. मंग पायाच्याच कामी लावली."

साहेबानं काय करावं? नवी शाल पांघरवली अन् फोटोवाल्याकडं पाहून हासला!

खाली उतरल्यावर भाऊ मले म्हणे, "चाल, दुसऱ्या कुबडीचीबी सोय झाली."