पंधरावं नाव

नाही, सही करतो ना, सही करायला माझं काय जातंय — पण आधी बसा तुम्ही, कारभारी भाऊ, असं उभ्यानं नका बोलू. अर्जावर हे तुमचंच नाव ना? हां. वैजापूरहून सकाळच्या बसनं आलात, चहा तरी घ्या. नको? बरं. ऑफिसात सांगितलं असेल, टीसी काढायची तर विभागाची सही आणा. विभागप्रमुख मॅडम परीक्षेच्या कामाला गेल्यात, म्हणून माझ्याकडं पाठवलं. मीच शिकवतो प्रेरणाला इंग्रजी. अतुल सर म्हणतात ते मीच — तिनं घरी नाव घेतलं असेल माझं. नाही घेतलं? आठ दिवस झाले घरी येऊन, एकदाही नाही? बरं.

कारण काय लिहिलंय — ‘घरगुती अडचण’. काय अडचण आहे, भाऊ? लग्न ठरवताय का? नाही. मग पुंडलिकनगरला आत्याकडं राहती, तिथं काही झालं? तसंही नाही. म्हणजे तुम्हालाच माहीत नाही, असं म्हणा की. पोरगी आली, बॅग ठेवली, म्हणाली मला शिकायचं नाही, टीसी आणा — आणि तुम्ही निघालात. विचारलं असेल तुम्ही, व्हय, तीच सांगत नसेल. वर्गातही तसंच तिचं. चारदा विचारावं तेव्हा एकदा बोलते.

तुम्हाला ते गटांचं ठाऊक आहे का? सांगतो. बीएच्या तिसऱ्या वर्षाला आमच्याकडं इंग्रजीचे दोन गट आहेत, त्यातला एक घ्यायचा. एक साहित्याचा — कविता, नाटकं, कादंबऱ्या. दुसरा व्यावहारिक इंग्रजीचा — पत्रं लिहायची, मुलाखत कशी द्यायची, कंपनीत फोनवर कसं बोलायचं. पोरं दुसऱ्याकडंच पळतात. पळणारच, मी नावं ठेवत नाही. प्रेरणानंही जूनमध्ये फॉर्मवर व्यावहारिकच लिहिलं होतं, तुम्हाला विचारूनच लिहिलं असेल — हो ना. मग साहित्यात कशी गेली? मी नेली. बोलावून घेतली तिला आणि म्हणालो, तुझा चाचणीचा पेपर वाचला मी, तुझ्या लिहिण्यात काहीतरी आहे, वर्षाकाठी एखाद्याच्याच लिहिण्यात असतं ते, तू साहित्य घे. ती म्हणाली, “सर, खरंच वाचला?” मी म्हणालो, वाचल्याशिवाय बोलेन का. माझाच पेन मागितला तिनं, व्यावहारिक खोडलं आणि वर साहित्य लिहिलं. तुम्हाला नंतर कळलं, तुम्ही रागावला असाल — काय म्हणाली ती तेव्हा? ‘सर म्हणाले.’ एवढंच? एवढंच म्हणाली?

आता तुम्ही म्हणाल, सरांना काय पडलं होतं. काही नाही, पोरीचं भलं — असं नका बघू माझ्याकडं. पंधरा लागतात, भाऊ. कॉलेजचा नियम आहे, पंधरा नावं झाली नाहीत तर गट बंद. शेवटचा दिवस होता फॉर्मचा आणि माझ्याकडं अकरा होती. आणि मी काही पक्का नाही इथं, तासिका तत्त्वावर आहे — म्हणजे जितके तास असतील तितकाच मी या कॉलेजचा. बारा वर्षं झाली. गट बंद तर तास बंद, तास बंद तर उद्यापासून येऊ नका. बायकोला वाटतं मी आता कायम होणारच, तिच्या माहेरी तर झालोच म्हणून सांगितलंय — जाऊ द्या ते. ते कशाला सांगतोय मी तुम्हाला. तर अकराचे पंधरा करायचे होते. चौघींना बोलावलं, एकेकीला वेगवेगळं. आणि चौघींनाही तेच बोललो. तेच शब्द, भाऊ, एक इकडचा तिकडं नाही. पेपर? नव्हता वाचला. कुणाचाच नव्हता वाचला, गठ्ठा कपाटात पडून होता, त्याची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. पंधरावं नाव तुमच्या प्रेरणाचं.

जुलैत सोडला गठ्ठा, मार्क द्यायचे होते म्हणून. प्रश्न होता, तुमच्या ओळखीच्या एखाद्या जागेचं वर्णन करा. सगळ्यांनी लेणी लिहिली, मकबरा लिहिला, पाठ असतं ते. प्रेरणानं तुमच्या मार्केट यार्डातला कांद्याचा लिलाव लिहिला. तुम्ही होता त्यात. बोली झाली, माल व्यापाऱ्याचा झाला, लोक पुढच्या ट्रॅक्टरकडं गेले — आणि तिचे वडील मात्र खाली वाकून, चाकाजवळ सांडलेले कांदे एकेक उचलून ढिगावर ठेवत राहिले. आता ते त्यांचे नव्हते, असं लिहिलंय. तरी ठेवत राहिले. तुम्हाला माहीत नव्हतं ती बघत होती ते? बघत होती. इंग्रजीच्या चुका होत्या, लई होत्या, पण मी लाल पेन खाली ठेवला. दोनदा वाचला मोठ्यानं, इथंच, एकट्यानं. बारा वर्षांत असा कागद हाती आला नाही माझ्या. म्हणजे जे मी खोटं बोललो होतो ते खरं निघालं — नुसत्या तिच्या बाबतीत. तवापासून दर शनिवारी काहीतरी लिहून आणायला लावलं तिला. आणायची. वाचूनही दाखवायची. हसायला पण लागली होती जरा.

आणि मग गेल्या आठवड्यात त्या चौघी कॅन्टीनला बसल्या. संध्या म्हणून एक आहे, बडबडी, ती म्हणाली सर मला म्हणाले होते तुझ्या लिहिण्यात काहीतरी आहे म्हणून. दुसरी म्हणाली, मला पण. तिसरीला पण. हसल्या म्हणे सगळ्या. प्रेरणा तशीच उठून वर आली माझ्याकडं. दारातूनच म्हणाली, “सर, ते चौघींच्या लिहिण्यात आहे का?” आणि मी — मी हसलो, भाऊ. म्हणालो, अगं, शिक्षकाला प्रोत्साहन द्यावं लागतं. ती हसली नाही. म्हणाली, “त्या दिवशी माझा पेपर वाचला होता का, तेवढंच सांगा.” तिथं मी पहिल्यांदा खरं बोललो. नव्हता, म्हणालो. पुढचं तोंडात होतं — की नंतर वाचला आणि — पण ती जिन्यावर पोचली होती. मी मागं गेलो नाही. जायला पाहिजे होतं. पोरं बघत होती, म्हणून नाही गेलो.

म्हणजे ही तुमची घरगुती अडचण. ती या खोलीतली आहे, तुमच्या घरातली नाय. अजून एक सांगतो, नाहीतर दुसऱ्याकडून कळेल. व्यावहारिक गटातल्या पाच पोरी मागच्या महिन्यात वाळूजच्या एका कंपनीनं निवडल्या. प्रेरणा तिथं असती तर तिचं नाव आलं असतं, मला वाटतं आलंच असतं. शिव्या दिल्या तरी चालतील.

थांबा, उठू नका. टीसीवर सही नाही करणार मी — ऐकून तरी घ्या. तिचं वर्ष कशाला घालवता, चूक तिची नाही. दुसरा अर्ज करू. गट दिवाळीपर्यंत बदलता येतो, प्राचार्यांची परवानगी लागते, कारण जबर लागतं. मी लिहितो, तुम्ही खाली सही करा. ‘शिक्षकाने चुकीचे मार्गदर्शन केल्यामुळे...’ असंच लिहायचं. याच्याशिवाय ते बदलून देणार नाहीत. आणि हे माझं नाव, ही माझी सही. चौदा राहतील मग, व्हय. माझं मी बघतो. तुम्ही इथं करा, या रेघेवर.

झालं. हे घेऊन खाली जा, जिना उतरला की डाव्या हाताला प्राचार्यांची केबिन आहे, एकला उठतात ते. आणि प्रेरणाला एक सांगा — म्हणावं, तो लिलावाचा पेपर सरांनी —

नको. काही सांगू नका. म्हणेल, चौघींच्याही घरी हाच निरोप गेला असेल.

या तुम्ही, भाऊ. पाऊण वाजला.