ओल्या रंगाला नाव

रंग पाहून गिऱ्हाईक रडलं, असं माझ्या रंगाच्या दुकानात एकदाच झालं बरं का.

जरीपटक्याच्या शेवंताबाई. यांचे मालक फलक रंगवत. अक्षरं ते आखत, त्यांत रंग या भरत. ते वारले तेव्हा विहाराच्या फलकावरचा शेवटचा 'र' आखून तसाच राहिला होता. त्यांनी स्वतः जुळवलेली निळी भुकटी डबीच्या तळाशी तेवढी उरली होती; ती घेऊन बाई तो 'र' भरायच्या तयारीने माझ्याकडे आल्या. ते ती जवसाच्या तेलात घोटत. पण तेल वाळायला आठवडा जातो आणि फलक तर परवा चढायचा होता. म्हणून मी भुकटी कालवायला झटपट वाळणारं पारदर्शक ॲक्रिलिक मीडियम काढलं. मॅट वाळल्यावर जरा धुरकट राहतं, म्हणून चकचकीतच दिलं.

चिमूटभर भुकटी त्यात काचेवर घोटली, तर रंग एकदम फिकट आभाळी.

"काय केलं गा भाऊ! त्यांचा रंग दुधात बुडवला ना!" असं म्हणत बाईंनी रंग गडद करायला अख्खी डबी ओतायला उचलली.

मी डबीवर हात ठेवला. "थांबा बाई. हे दूध वाळलं की काच होते."

"अन् नाही झालं त? असा रंग पुन्हा कोण जुळवून देईन मले?"

मी चहा मागवला. चहा संपेस्तोवर काचेवरचा डाग गडद होत गेला. बाईंनी पिशवीतून मालकांचा ब्रश काढून शेजारी धरला. दांड्यावर वाळलेला निळा अगदी तोच.

बाईंचे डोळे भरले. "मी त्यांच्या रंगात खोड काढली का मालक म्हणत, ओल्या रंगाले नाव ठेवू नको वं. मले वाटे, टोमणा मारून राहिले. आता पटलं, त सांगू कोणाले?"