थांब म्हटलं की थांबायचं

— नाही नाही मॅडम, पहिले बसा. तक्रार उभ्यानं नसते करत. ती खुर्ची घ्या, तिचा एक पाय हालते, पण धरून राहते. हं. तर तुमचं म्हणणं असं, की रविवारच्या काव्यवाचन स्पर्धेत तुमच्या प्रणालीचा पहिला नंबर पक्का होता, आणि परीक्षक जागेश्वर सरानं, म्हणजे म्या, तो मिनलले देऊन टाकला. काहून? तर प्रणाली म्हणत असताना हॉलच्या मागून एक म्हातारी मधातच बोलली, पोट्टी डिस्टर्ब झाली, आणि आता तुम्हाले कळलं की ते म्हातारी म्हणजे परीक्षकाचीच बायको. बरोबर? आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे तुमच्याजवळ. एकदम पक्का पुरावा. व्वा. दाखवा ना, दाखवाच, पण थोडं थांबा — तुम्हा मायलेकीले घाई भारी आहे बाप्पा, तेच तर सांगायचं आहे मले.

रागावू नका. मी विचारतो, तुमची पोट्टी कविता म्हणत होती की सावनेरची बस पकडत होती? कविता कोणती, तर उमरेडच्या बाबारावांची. आपल्या भागात लग्नात म्हणतात ते, बारशाले म्हणतात, गॅदरिंगले तर म्हणतातच म्हणतात. आहे काय त्या कवितेत? एक म्हातारी सासू नव्या सुनेले माग शिकवून राहिली, धाग्याचा धोटा इकडून तिकडं कसा फेकायचा ते. सुनेच्या हातून धागा तुटते, पोरगी घाबरते, रडाले येते, आणि सासू म्हणते —

धोटा गेला, माये, धोटा आला,
तुटला धागा — थांब.
गाठ बसू दे, मंग पुढचं बोल,
लुगडं व्हायचं लांब.

बस. ऐकलं कसं म्हटलं ते? आता तुमची प्रणाली. 'धोटा गेला' — उजवा हात फेकला. 'आला' — डावा हात. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसावाणी! 'तुटला धागा' म्हणताना हात छातीवर, मान तिरपी, डोळे वर. आणि मागून बासरी. ते बासरी तुम्हीच लावली ना दुसऱ्या मोबाइलवर? अहो, मागावर कायची बासरी! खट् खट् आवाज असते तिथं, बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि तुम्ही एकट्याच नाही, सगळेच तसे. त्या दिवशी जो आला तो 'थांब' म्हणाला आणि तसाच पुढं निघून गेला. शब्द लिहिला आहे कवितेत, थांब! बाबारावांनी याच्यापेक्षा जास्त काय करावं, स्टेजवर येऊन हात धरावा का एकेकाचा? सिग्नल लाल झाला की आपल्याकडं गाड्या जोरात निघतात, तशी पोरं त्या 'थांब'वरून निघत होती आणि खाली बसलेले आईबाप टाळ्या वाजवून राहिले.

प्रणाली मात्र थांबली. हो, मान्य आहे, थांबली. पण काहून थांबली ते तुम्हालेही माहीत आहे न मलेही. विसरली! त्याच्यात लाजासारखं काय आहे? पाठ झालेलं विसरते माणूस. एवढी दौडत आली आणि 'थांब' म्हणून जे थांबली, ते हात एक वर, एक खाली, तसेच राहिले, आणि हॉल एकदम चूप. मी तुम्हाले खरं सांगतो मॅडम, त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट होती ते. पहिल्यांदा त्या कवितेतला धागा खरोखर तुटला. आणि तुम्ही काय केलं? पहिल्या रांगेतून — 'गाठ! गाठ!' — कुजबूज म्हणता तिले तुम्ही? माइकमधून ऐकू आली ते! माह्या बाजूचे पाहुणे विचारून राहिले, कोणाच्या पोटात गाठ आहे म्हणून. म्हणजे डिस्टर्ब करणारी पहिली बाई कोण, तर तुम्ही. म्हातारी मंग बोलली.

हो, म्हातारी. सत्यवती. माही बायको आहे, लपवून काय करू.

तिचं सांगू का? नाही, तुम्हाले वेळ नसंल तर — बसा मंग. ते उमरेडची. विणकराच्या घरची, अंगणात, ओसरीत, जिथं पाहा तिथं माग. त्या घरात काही सांगायचं तर मागाच्या आवाजावरून ओरडून सांगा लागे, आणि बापाच्या मागाचा पुढचा खट् ते बुडवून टाकायच्या आधी सांगा लागे. म्हणून तिचं बोलणं मोठं आणि भरभर. लग्न होऊन आली तेव्हा माही माय म्हणे, सुनेनं गिळला काय रेडिओ! आणि मी कसा? माह्यं नाव होतं हो या भागात. 'थांबणारे सर' म्हणत मले. पारशिवनीले एकदा हीच कविता म्हणत होतो, 'तुटला धागा' म्हणून असा थांबलो, असा थांबलो, की मंडपवाल्याले वाटलं माइक गेला, तो वायर हालवाले धावला. टाळ्याच टाळ्या. सत्यवती घरी येऊन म्हणे, 'तुम्ही काही कवितेसाठी थांबत नाही. टाळी कोणत्या बाजूनं येते ते पाहाले थांबता.' तिले कविता कळत होती असं नाही बरं, नवरा कळत होता.

मागच्या हिवाळ्यात भरीत करत होती. मी बाहेर पेपर वाचून राहिलो. वांगं जळल्याचा वास आला, मी वाट पाहिली, आता आवाज येईन, 'अहो, पाहा ना तिकडं!' — आवाज नाही आला. त्याच्यावरूनच समजलो मी. ते ओट्याले धरून उभी होती आणि तोंड एका बाजूले. दवाखान्यातून घरी आली तर हात चालते, पाय चालते, समजते सगळं, पण बोलणं गेलं. एक शब्द राहिला. 'मंग'. चहा देऊ का वं? मंग. दुखते का? मंग. पोराचा फोन आला बेंगळुरूवरून, तो तिकडून रडून राहिला, हे इकडून मंग, मंग. शेजारच्या बाया भेटाले येत, जाताना मले म्हणत, बरं आहे सर, आता घर शांत झालं. हसत हसत म्हणत. म्या चहा देणंच बंद केलं सगळ्याइले.

मंग — हे पाहा, माह्याही तोंडात बसला आता तो — मंग बोलणं शिकवाले एक मॅडम येऊ लागल्या, अश्लेषा नावाच्या, एवढीशी पोरगी. ते म्हणाली, 'काका, लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी परत येतं. गाणं, कविता, काहीही. तुम्ही ओळ अर्धी म्हणा आणि बाकीची काकूंसाठी सोडा. फक्त थांबा.' म्या म्हटलं, पोरी, कोणाले सांगून राहिली तू? माह्यं नावच थांबणारे सर आहे! केली सुरू हीच कविता. रोज. 'धोटा गेला, माये' — आणि थांबायचो. पंधरवड्यानं अश्लेषा समोर बसून ऐकते न म्हणते, 'काका, तुम्ही कुठं थांबता? तुम्ही तर त्यांना श्वासही घेऊ देत नाही.' मले असा राग आला! पण खरं होतं ते. सत्यवतीचे ओठ हालायचे, गळ्याची शीर फुगायची, डोळे माह्याकडं — आणि तो शब्द काही येत नाही — मले नाही पाहवायचं हो. पुढची ओळ मीच म्हणून टाकायचो. हजार माणसासमोर चूप राहता येते, मॅडम. एका माणसासमोर नाही राहता येत. तिथं टाळी नसते ना शेवटी.

रविवारी तिच्याजवळ घरी कोणी नव्हतं, म्हणून घेऊन आलो हॉलवर. मागं दरवाज्याजवळ बसवलं, शाल दिली. वाटलं, झोपून जाईन. आणि तुमची प्रणाली 'थांब' म्हणून थांबली. कोणी काही म्हणून नाही राहिलं — तुम्ही सोडून — आणि मागून आवाज आला, 'गाठ'. मले पहिले वाटलं तुम्हीच. मंग 'बसू'. मंग लय वेळानं 'दे'. मी मान वळवली तर ते उभी होती. शाल खाली पडलेली, दरवाज्याची कडी धरलेली. आणि म्हणाली, 'मंग पुढचं बोल'. पूर्ण ओळ. वर्षभर जो शब्द कुठंही सांडत होता, 'मंग', 'मंग', तो पहिल्यांदा आपल्या जाग्यावर येऊन बसला. कोणाले काही समजलं नाही. पाच-पन्नास लोकाइले वाटलं, येडी बाई आहे. तुम्ही तर मागं वळून 'श्शू' केलं तिले. हो, पाहिलं म्या. वर्षभरात पहिल्यांदा बोलली बाई आणि तुम्ही 'श्शू' केलं.

त्याच्यानंतर कोण आलं, कविता कशी म्हटली, मले काही विचारू नका, माह्या कानात तेवढंच होतं. मिनल? मिनल शेवटची होती, तिचं नाव तेवढं डोळ्यासमोर होतं म्हणून लिहून —

काय? नाही. तसं नाही म्हटलं मी. ऐकलं ना मिनलचं, कानावर पडलंच की. चांगला आवाज आहे तिचा. घोगरा. नाही? बारीक आहे? असंल बारीक.

आता काय लपवू. नाही ऐकलं. झालं? भेटला तुम्हाले पुरावा, व्हिडिओपेक्षा पक्का. बरं, आणा तो व्हिडिओ. तिथपासून लावा, 'तुटला धागा' पासून. आवाज मोठा करा. अजून. हं, हे बासरी, बंद करता येत नाही का एवढी — हं — 'थांब'.

मागं घ्या जरा. नाही, सत्यवती दिसत नाही याच्यात, माहीत आहे, तुम्ही पोट्टीवरच धरला आहे मोबाइल. तेच पाहायचं आहे मले. मी तर मागं पाहत होतो तेव्हा, हिच्याकडं पाठ होती माही. पाहा, हे पाहा. तुम्ही 'गाठ' म्हटलं — आणि हिचे ओठ हालले. आठवलं हिले! आठवलं, तोंड उघडलं तिनं. आणि तेवढ्यात मागून सत्यवतीचा आवाज आला, तर मिटलं. पाहिलं का? ओळ तोंडात आहे पोरीच्या, आणि नाही म्हणून राहिली. तुमच्याकडं हात केला बघा असा, खालून, चूप राहा म्हणून. आणि 'बसू' न 'दे'च्या मधात केवढी जागा आहे, मी मेलो असतो तेवढ्यात, आणि हे पोट्टी उभी आहे. डोळे कुठं आहेत तिचे? मागं, दरवाज्याकडं. म्हातारीचं पूर्ण होऊ दिलं. आणि आता शेवटची ओळ ऐका. 'लुगडं... व्हायचं... लांब.' हात खाली. हे कोणी शिकवलं तिले? तुम्ही तर नाही शिकवलं. म्याही नाही शिकवलं कोणाले उभ्या नोकरीत.

घरी जाताना गाडीत झापलं असंल तिले तुम्ही. झापलं ना? रडली? काय म्हणाली मंग, 'आई, त्या आजीले बोलता येत नव्हतं'? — मान हालवू नका नुसती, म्हणाली ना असं?

म्हणाली म्हणता. वाटलंच मले.

तर ऐका. पहिला नंबर प्रणालीचा. मिनलच्या घरी मी स्वतः जाईन, त्या पोरीची काही चूक नाही. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातही सांगतो, जागेश्वर सरानं ऐकलंच नाही, पुढच्या वेळी दुसरा परीक्षक पाहा. तुम्हाले कागदावर पाहिजे? देतो लिहून. हसू नका एवढ्या, तुमच्या हातवाऱ्याले नाही भेटला नंबर. त्या हातवाऱ्यावर तर ते पडली असती.

पण एक काम करा. पोट्टीले पाठवून द्या दुपारची, शाळा सुटली की. त्या दिवसापासून सत्यवती परत बोलली नाही. मी म्हणतो रोज, धोटा गेला, धोटा आला, 'थांब' म्हणतो — आणि ते माह्याकडं पाहून म्हणते, मंग. तिलेही माहीत आहे, हा माणूस थांबणार नाही. प्रणालीसमोर कदाचित — काही सांगता येत नाही. येईन का ते? विचारून पाहा. विचारा म्हटलं, सांगा नाही. बासरी नको, हातवारे नको. नुसतं येऊन बसू दे तिच्याजवळ.

सोडाले या तुम्ही, गेटपर्यंत. आत नाही. काहून म्हणजे? तुम्ही ओळ सांगता. — अपमान कायचा त्याच्यात, मीही सांगतो. मीही बाहेरच बसणार आहे.

चला, उठा आता.