श्वास संपतो तिथे

माझी दाढ दुखत होती, कान मात्र शाबूत होते. दंतवैद्याच्या बाकावर शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरली शिवणकाम करणारी.

"जाऊबाई, शेजारच्या नर्सबाई लेकाकडे कायमच्या राहायला गेल्या. तरी तुमचं बुद्धवंदनेचं पठण चालूच?"

"त्यांनीच लावलं गं मला. आधी मी कशी होते, आठवतं ना?"

"न आठवायला काय झालं? गिऱ्हाईक ब्लाउज परत घेऊन आलं की तुम्ही भडकायच्या आणि मी मागच्या दारानं पळायचे."

"आता हसून उसवून देते."

"त्याचीच जास्त भीती वाटते."

"पण एकटीनं जमत नाही. आम्ही दोघी मिळून म्हणायचो. एकीचा श्वास संपला की दुसरीनं ओळ धरायची, आवाज तुटू द्यायचा नाही. आता माझा श्वास संपला की खोलीच गप्प होते. मी आपली वाट बघत बसते, त्या धरतील म्हणून."

"फोनवर म्हणा की."

"म्हणून पाहिलं. त्यांचा आवाज उशिरा पोचतो. दोघींनी एकमेकींना 'तुम्ही म्हणा, तुम्ही म्हणा' करून फोन ठेवला."

"मी धरू? त्रिशरण येतं मला."

"इथे?"

"हळू म्हणा. सगळ्यांचे गाल सुजलेत, कोण बोलणार आहे?"

थोरलीनं सुरुवात केली. श्वास संपला, तशी धाकटीनं ओळ उचलली.

"किती बेसूर गं तू!"

"नर्सबाई काय सुरात म्हणायच्या?"

"छे. पण त्यांच्या बेसुराची सवय झाली होती."

"मग थांबू?"

"थांबू नकोस."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. मी मागच्या गृहस्थांना पुढे पाठवलं.