दगडांसाठी तोडलेला शेजार

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "इतकं तिखट बोलायची काय गरज होती?" अहो, मी दुभाषी! माझं तोंड भाड्याचं, शब्द साहेबांचे! तुम्हाला सांगते, समोरचा तो बेटावरचा देश आणि आपला देश, इतकी वर्षं गळ्यात गळे... त्यांचे मासे आपल्या बाजारात, आपली औषधं त्यांच्या दवाखान्यात, माझी सख्खी धाकटी बहीण तिकडे दिलेली... आणि बिनसलं कशासाठी? दगडांसाठी! समुद्राच्या तळाशी, जिथे उजेडसुद्धा पोचत नाही, तिथे म्हणे बटाट्याएवढे दगड पसरलेत, त्यांतल्या धातूंच्या बॅटऱ्या होतात. झालं! आमच्या मंत्रीसाहेबांना खणायची घाई.

बैठकीत त्यांच्या मंत्रीणबाई अगदी काकुळतीला येऊन, "खणलंत तर गाळ उठेल हो, आमचे मासे मरतील, आम्ही खायचं काय?" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली, "विचार त्यांना, समुद्र काय यांच्या बापाचा आहे?" आता हे सांगायचं कसं? मी आपलं लोणी लावून म्हटलं, "सागराच्या मालकीबद्दल आपली भूमिका समजून घ्यायला आवडेल." बाई हसल्या. तिथेच फसलं! साहेब तडकले, "हसतात कशा? बाप कुठे गेला? मी बोललो तस्संच सांग!" समोर कॅमेरे, दोन्ही देशांत घराघरांत थेट प्रक्षेपण, पडद्यावर चेहरा साहेबांचा, आवाज माझा... सांगितलं. बापासकट!

बाई उठल्या त्या उठल्याच. मासे बंद, राजदूत परत, व्हिसा बंद... माझाही! बहिणीला नववा महिना, तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून माझी बॅग भरलेली, झबली शिवून तयार, आणि साहेब मला सांगतात, "देशासाठी थोडं सोसावं लागतं." देशासाठी? दगडांसाठी! संतापाने मी विचारलंच, "साहेब, तुम्ही तो दगड पाहिलाय तरी?" तर म्हणाले, "फोटो पाहिलाय."

फोटो!

काल बहिणीला मुलगी झाली. फोनवर ती तिकडे रडतेय, मी इकडे रडतेय, तेवढ्यात मागून तिच्या सासूबाई, "टीव्हीवर ती उर्मट आवाजाची बाई कोण होती गं? असल्या बायकांमुळेच देशादेशांत वैर होतं!"

बहीण फोनमध्ये कुजबुजली, "ताई, ती तूच होतीस, हे मी सांगितलं नाहीये त्यांना."

म्हटलं, "नकोच सांगू, बाई. भाचीच्या लग्नाला तरी येऊ दे मला!"